त्रिकोणी काचेची खिट्टी : १९६८ च्या एका डिलाईटचं प्रकरण

नानांची फियाट माझ्या वर्कशॉपला आली ती टेम्पोवर बसून, मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर असताना. हर्णैजवळ त्यांच्या घरामागे जांभ्याचा मांगर, म्हणजे अडगळीची शेड, आहे, त्यात ती १९ वर्षं उभी होती. मांगरातून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. एवढ्या अंतरावर खारा वारा पत्र्याचं काय करतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फ्लोअरमध्ये हात जाईल एवढं भोक, दरवाज्यांच्या खालच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटलेल्या, आणि डिकीत उंदरांचं घर.

गाडी १९६८ ची, फियाट ११०० डिलाईट. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हे मॉडेल १९६४ पासून निघायला लागलं. पुढे तेच प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास बंद पडलं. नानांच्या वडिलांनी ही गाडी नवी घेतलेली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, आणि पुढच्या दोन्ही दरवाज्यांना त्या त्रिकोणी काचा, ज्या बाहेर फिरवल्या की वारा थेट अंगावर येतो.

नानांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "मला ती चालवायची आहे, प्रदर्शनात ठेवायची नाही. आणि आत बसलो की बाबांची गाडी वाटली पाहिजे. बाकी तू बघ."

पहिल्या मागणीमुळे एक निर्णय सोपा झाला. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आणला. त्या नोंदणीखालची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांना ती रस्त्यावर आणता येते. नानांना घाटातून दापोलीला जाऊन भाजी आणायची होती. तेव्हा ती वाट आम्ही सोडली.

दुसऱ्या मागणीने मात्र वर्षभर खाल्लं.

इंजिनाचं काम म्हणाल तर सहा आठवड्यांत झालं. १०८९ सीसीचं हे इंजिन पद्मिनीतही होतं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत लाखो किलोमीटर पळलं. त्यामुळे पिस्टन, बेअरिंगं, गॅस्केट हा माल आजही फिरतो. पत्र्याचं काम मेहनतीचं होतं, पण त्यात कोडं नव्हतं. कोडी होती ती छोट्या वस्तूंत : काच फिरवायचं हँडल, त्याच्यामागची चकती, दरवाज्याच्या पॅनेलच्या क्लिपा, मागच्या दिव्याची चौकट, आणि त्रिकोणी काचेची खिट्टी. मी इथे खिट्टीचंच सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या वस्तूंत मी जे काही बरोबर केलं ते या खिट्टीने शिकवलेलं होतं.

खिट्टी काय करते

त्रिकोणी काच एका क्रोमच्या चौकटीत असते आणि वर-खाली दोन खुंट्यांवर फिरते. आतल्या बाजूला चौकटीवर बोटभर लांबीची खिट्टी. ती फिरवली की तिची जीभ उभ्या पट्टीच्या मागे जाते आणि काच अडकते. पण एवढंच तिचं काम नाही. जिभेला आतून उतार असतो. खिट्टी शेवटच्या पाव फेऱ्यात गेली की तो उतार पट्टीवर चढतो आणि अख्खी चौकट आत ओढून रबरावर दाबतो. काच बंद होते ती खिट्टीने. पाणी बंद होतं ते उताराने.

उतार झिजला की खिट्टी बंद झालेली दिसते, बोटाला सैल लागते, आणि पहिल्या पावसात पाणी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून दरवाज्यात उतरतं. तिथून पॅनेलचा पुठ्ठा फुगतो, मग दरवाज्याची खालची कड सडते. नानांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दरवाज्याची कड डावीपेक्षा दुप्पट सडली होती. आधी मला वाटलं मांगरात त्या बाजूने गळत असेल. तसं नव्हतं. ते पाणी मांगरात येण्याआधीचं होतं, गाडी चालत होती तेव्हाचं.

उजवी खिट्टी माझ्या हातात आली तीच दोन तुकड्यांत. तुटलेल्या जागी धातू करडा, रवाळ. क्रोमवर बारीक फोड, काही फुटलेले. ही जस्ताची डायकास्टिंग, म्हणजे पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबाने ओतलेली वस्तू. क्रोमच्या सूक्ष्म भोकांतून खारी हवा आत गेली की खालचं जस्त फुगतं आणि वरचा मुलामा उचलला जातो. असा फोड खरवडून पुन्हा प्लेटिंग करता येतं, पण खड्डा खोल गेलेला असेल तर बफिंगने तो भरत नाही, उलट वस्तूच पातळ होते. जस्त ॲसिडच्या टाकीत टिकत नाही, आधी त्याला तांब्याचा वेगळा थर द्यावा लागतो, आणि हे नीट करणारे हात आता कमी उरलेत. ही खिट्टी दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती.

बाजार

मुंबईत दोन फेऱ्या मारल्या. ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, चोर बाजारातला मटण स्ट्रीट, कुर्ल्याचं भंगार. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्याआधीची काही वर्षं भंगारात फियाटच फियाट होती, तेव्हा आम्ही कुणी खिट्ट्या गोळा केल्या नाहीत. मडगार्ड, बंपर, ग्रिल उचलले. लहान वस्तू मिळतीलच असं वाटत राहिलं.

तरी तीन खिट्ट्या मिळाल्या, तिन्ही टॅक्सीच्या. आणि इथे एक गोष्ट ध्यानात आली जी आधीच यायला हवी होती. टॅक्सीवाला दिवसभर त्या काचेतून वारा घेतो. दिवसातून वीस वेळा ती खिट्टी फिरते. म्हणजे मुंबईत सर्वांत सहज मिळणारा भाग हाच सर्वांत झिजलेला भाग. तिन्हींच्या जिभा चमच्याच्या कडेसारख्या गुळगुळीत झालेल्या होत्या. कोकणातल्या गाड्यांचं उलटं. गाडी कमी चाललेली, आकार शाबूत, पण धातू खाऱ्या हवेने खाल्लेला. एकाकडे धातू आहे आणि आकार नाही, दुसऱ्याकडे आकार आहे आणि धातू नाही.

दरम्यान नानांच्या मुलाने पुण्याहून ऑनलाइन एक नवीन जोडी मागवून पाठवली. ८५० रुपयांना एक. चकचकीत, जड, पितळेची. फोटोत पाहिली असती तर मीही हुबेहूब म्हणालो असतो. बसवली तर भोकात पिन डुगडुगत होती आणि जीभ पट्टीला जेमतेम टेकत होती.

मग व्हर्निअर काढला. आमच्या मोडक्या खिट्टीचे दोन तुकडे जुळवून लांबी ५२.० मिलिमीटर. नव्याची ५१.२. पंजाची रुंदी १८.० आणि नव्याची १७.७. एकदोन मापं चुकली असती तर हात चुकला म्हणालो असतो. पण प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात कमी होतं, शेकडा दीडच्या आसपास. वितळलेलं पितळ गोठून थंड होताना साधारण तेवढंच आकसतं. म्हणजे कुणीतरी जुनी खिट्टी थेट साच्यात दाबली होती आणि त्यात पितळ ओतलं होतं. भोकही आकसून लहान झालं, म्हणून नंतर ड्रिल मारून मोठं केलं, आणि ड्रिल हातातल्या हातात मारल्याने ते लंबगोल झालं. आतल्या रेषा भिंगातून स्पष्ट दिसत होत्या.

त्याहून वाईट म्हणजे जीभ. साच्यात दाबलेली खिट्टी झिजलेली होती. त्या माणसाने झीजसुद्धा इमानदारीने उतरवली होती, वर शेकडा दीडने आणखी पातळ करून.

माझा त्या विक्रेत्यावर राग नाही. त्याच्याकडे जो नमुना होता त्याच्याशी तो प्रामाणिक राहिला. पण जुनी वस्तू हातात आहे म्हणून मूळ माप हातात आहे, हा समज या धंद्यात सगळ्यांनाच नडतो. हातात असते ती ५५ वर्षांची, वापरून झिजलेली वस्तू. कारखान्यातून निघालेली वस्तू कुणाकडेच नसते. ती शोधून काढावी लागते.

मूळ माप कुठे सापडलं

तीन ठिकाणी शोधलं.

पहिलं, डावी खिट्टी. शेजारी बसणारा माणूस काच क्वचित उघडतो. नानांच्या आईंना तर वारा सोसत नसे, त्यामुळे ती बाजू बहुतेक बंदच असायची. उजव्या जिभेची जाडी टोकाला २.४ उरली होती, डावीची ३.० भरली. पण डावी ही उजवीची आरशातली प्रतिमा असते. उताराची दिशा उलटी. डावीचं माप घ्यायचं आणि आकार पलटवायचा. हे लिहायला सोपं आहे. माझ्याकडे एकदा डाव्या हँडलची सरळ नक्कल उजवीकडे बसवायला आली होती, म्हणून सांगतो.

दुसरं, जिभेचं मूळ. जीभ पट्टीवर घासते ती टोकाकडच्या दोन-तृतीयांश भागात. मुळाशी अगदी बारीक, पिठाच्या कणाएवढी उंच पायरी राहते. झीज जिथे थांबली तिची सीमा. त्या पायरीच्या वरच्या बाजूला डावीवर ३.२ मिळालं, आणि टॅक्सीच्या तिघींपैकी दोघींवरही ३.२. तीन वेगळ्या गाड्या, वेगळी झीज, आणि मुळाशी एकच आकडा. त्या क्षणी मी वर्कशॉपमध्ये मोठ्याने ओरडलो. पोरगा धावत आला, त्याला वाटलं हात कापला.

तिसरं, समोरची पट्टी. खिट्टी ज्या पट्टीवर चढते तिच्यावर इतक्या वर्षांच्या वापरात एक कमान कोरली गेली होती. कमानीची सुरुवात म्हणजे जीभ पट्टीला पहिल्यांदा कुठे शिवते ती जागा, आणि शेवट म्हणजे खिट्टी कुठे थांबते ती. यावरून उताराचा कोन आला. ही खूण मी आधीच्या आठवड्यात पॉलिश पेपरने घासून काढणार होतो. उजवीकडची काढलीही होती. डावीकडची राहिली ती जेवायची वेळ झाली म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : जोडीतली वस्तू बसवून पाहिल्याशिवाय कुठलाही भाग साफ करायचा नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सगळी मापं घेऊन संगणकावर खिट्टी काढली. तो म्हणाला, "मामा, फोन फिरवून स्कॅन केली तर दहा मिनिटांत होईल." मी म्हटलं, स्कॅन झिजलेलीच खिट्टी दाखवेल. तरी त्याने केलं, आणि बरं झालं. वरची नक्षीदार पकड, बोटाला लागणारी खळगी, हे स्कॅनमधून घेतलं. जीभ, भोक आणि उतार मात्र आकड्यांवरून काढले.

हुपरी

एकदोन तुकड्यांसाठी कुणी डायकास्टिंगचा डाय करत नाही. रेतीच्या साच्यात एवढी लहान वस्तू नीट उतरत नाही, पृष्ठभाग खडबडीत येतो. म्हणून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि तिथून हुपरीला. चांदीच्या दागिन्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. दागिन्यांचं ओतकाम मेणावर होतं : मेणाचा नमुना, त्याभोवती प्लास्टरचा साचा, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू. नखाएवढ्या फुलाची पाकळी जर तशी निघते तर खिट्टी का निघू नये?

तिथल्या कारागिराने भाच्याची रेझिनची प्रिंट बोटांत फिरवून पाहिली. "पाव्हणं, हे कानात घालायचं का गळ्यात?" गाडीचं आहे म्हटल्यावर त्याने ती खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मग कामाचं बोलला. पितळ ओतून देईन, पण आकसेल ते तुमच्या हिशोबात धरा. आणि खिळ्याचं भोक ओतू नका, भरीव ठेवा, नंतर लेथवर मारा. दोन्ही सल्ले बरोबर होते.

हिशोब असा बसला. तयार जीभ हवी ३.२. वर तांबं आणि निकेलचा थर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ०.०७ वाढवणार. बफिंग साधारण ०.१ खाणार. म्हणजे ओतलेला तुकडा ३.२३ हवा, आणि आकसणं धरून प्रिंट ३.२८. लांबीची प्रिंट ५२.८. शेवटचा क्रोमचा थर मी धरलाच नाही, तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चमक क्रोमची असते, पण खाऱ्या हवेला तोंड देतं ते त्याखालचं निकेल. म्हणून प्लेटिंगवाल्याला मी क्रोमबद्दल काहीच बोललो नाही. निकेलच्या टाकीत जास्त वेळ ठेवा एवढंच सांगितलं, आणि दुसरं म्हणजे कडा मारू नका. जुन्या खिट्टीच्या पकडीवर एक धारदार कड आहे, तिच्यावर उजेडाची सरळ रेघ पडते. बफिंगच्या चाकावर दोन सेकंद जास्त झाले की ती कड गोल होते आणि वस्तू साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. नकली माल लांबून ओळखू येतो तो यामुळेच.

पाच उजव्या, तीन डाव्या ओतून घेतल्या. सगळं धरून एक तुकडा १,९०० रुपयांना पडला. एका उजवीचं प्लेटिंग फोडासारखं उठलं, ती बाद.

इथे स्क्रूंबद्दल थोडं. खिट्टीचा आधार दोन लहान मायनस स्क्रूंवर बसतो. फियाटचा जन्म तोरिनोचा, त्यामुळे तिचे आटे मेट्रिक. हा स्क्रू ४ मिलिमीटरचा, आटा ०.७ चा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.७ मिलिमीटर. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा म्हणून जो मिळाला तो ५/३२ इंची होता. जाडीत फरक जवळपास नाही, पण आटा ०.७९ चा. दोन आटे मजेत जातो, तिसऱ्याला अडतो, आणि तेव्हा जोर केला की मूळ भोकाचे आटे खलास. हे अंतर मोजायचा पिच गेज स्वस्तात मिळतो. तो खिशात नसताना जुन्या गाडीला स्क्रू लावू नये. स्टेनलेसचा मोह मी टाळला. किनाऱ्यावर सगळे स्टेनलेस लावतात आणि ३०४ प्रतीचं स्टेनलेससुद्धा इथे दोन पावसाळ्यांत चहाच्या डागासारखं पिवळट होतं. शिवाय बाजारात येतात ते प्लस खाचेचे. एका बाजूला मायनस आणि एका बाजूला प्लस असं डॅशबोर्डजवळ दिसलं की डोळा तिथेच जातो. साधे पोलादी मायनस स्क्रू घेतले, निकेल केले, बसवताना ग्रीस लावलं. पितळ आणि पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर पोलाद आधी गंजतं, म्हणून मध्ये नायलॉनचा पातळ वॉशर टाकला. मूळ गाडीत तो नव्हता. दिसत नाही आणि टिकवतो, म्हणून ठेवला.

माझी चूक

खिट्टी आली तोवर दरवाजे रंगून तयार होते आणि त्रिकोणी काचेच्या भोवतीचं नवं रबर बसवलेलं होतं. हे रबर मी मुंबईहूनच आणलं होतं, लोकल.

खिट्टी लावली, फिरवली. शेवटचा पाव फेरा होईना. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबली. पोराने दाबली. सगळी मापं माझीच होती, तरी मी खिट्टीलाच दोष दिला. मनात आलं, पायरीवरचं ३.२ हे ओतकामातलं जास्तीचं मटेरियल असेल, खरं माप २.८ असेल. आणि मी कानस घेतली. एका तयार, निकेल-क्रोम झालेल्या खिट्टीची जीभ ०.४ ने उतरवली. खिट्टी बंद झाली. डावीला कानस लावली नाही, नेट लावून बंद केली. तेव्हा चौकटीचा कोपरा आवाज करून हलला आणि काचेला कडेपासून आत चीर गेली.

मूळ काच होती ती. १९६८ ची. कोपऱ्यात कंपनीची खूण असलेली. ती परत मिळणार नाही आणि ती माझ्या हाताने गेली. नानांना फोन करून तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काच नवी लाव. पण काय चुकलं ते नीट शोध. नाहीतर दुसरी पण जाईल."

शोधायला दोन दिवस लागले, आणि उत्तर रबरात होतं. मांगरातल्या जुन्या रबराचा, चौकटीखाली दबून मऊ राहिलेला बोटभर तुकडा मी पिशवीत जपला होता. तो आडवा कापून पाहिला. मूळ रबराला एक पातळ ओठ होता, जो चौकट आत आली की दुमडतो. नवं रबर बाहेरून त्याच आकाराचं, पण आतून भरीव. ओठ नुसता रेघ मारून दाखवलेला. कठीणपणा शोअर गेजवर ७८ भरला (आकडा जितका मोठा तितकं रबर कडक). दुमडायला जागाच नाही. ३.२ ची जीभ काच जितकी आत ओढत होती तितकी आत यायला ते रबर देत नव्हतं. एवढंच.

दोन नव्या वस्तू एकदम बसवल्या आणि त्यांतली एक चुकीची असली तर दुसरीवर आळ येतो. रबर चूक असताना मी खिट्टी 'बरोबर' करायला गेलो. बाजारातल्या त्या ८५० रुपयांच्या खिट्ट्या लोकांना चालतात त्यामागेही हेच असावं असं मला आता वाटतं : कडक रबरावर झिजलेली खिट्टी छान बंद होते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि पाणी गळतं तेव्हा लोक म्हणतात, जुनी गाडी आहे, गळायचीच.

रबर

ओठाचं रबर नव्याने काढून घ्यायचं तर डाय आणि वर शेकडो मीटर माल घ्यावा लागतो. एका गाडीला लागतं दोन मीटर. पुण्याच्या नाना पेठेत एकाकडे मीटरवर विकायच्या बिडिंगच्या गुंडाळ्यांची भिंतच आहे. तिथून ओठ असलेल्या सहा जातींचे वीतभर तुकडे आणले. सहाही कापून मूळ तुकड्याशेजारी ठेवले. एक जुळलं : ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर, शोअर ५८, ओठाची जाडी तीच. बसायचा पाया मात्र १ मिलिमीटरने रुंद. तो ब्लेडने उतरवला, कोपरे तिरके कापून सुपरग्लूने जोडले. ईपीडीएम ऊन आणि हवेला नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. ऑइल-ग्रीस मात्र लागू द्यायचं नाही.

हे रबर मूळच्यासारखं 'अचूक' आहे का? पाया कापलेला, जोड आमचे, मटेरियल वेगळं. पण ते सगळं चौकटीखाली झाकलेलं आहे आणि ओठ तेच काम त्याच दाबाने करतो. झाकलेल्या भागात मी कामाला मान देतो. दिसणाऱ्या आणि बोटाला लागणाऱ्या भागात आकाराला. याबाबत माझ्याहून कडक मताचे लोक आहेत, त्यांचं म्हणणं मला समजतं, पण ही गाडी घाटात पावसात जाणार होती.

तपासणी घरगुती. ओठावर कुंकू तेलाशिवाय, कोरडं, बोटाने लावलं आणि काच बंद करून उघडली. चौकटीवर लाल रेघ सलग उठली पाहिजे. खालच्या कोपऱ्यात पेरभर जागा कोरी राहिली. खुंटीखाली एक पातळ वॉशर घातला, पुन्हा कुंकू, रेघ पूर्ण झाली. मग वर्तमानपत्राची पट्टी काचेत धरून चहूबाजूंनी ओढून पाहिली, सगळीकडे सारखाच अडकाव. आणि खिट्टी, न घासलेली, ३.२ ची, शेवटच्या पाव फेऱ्यात जड होत गेली आणि थांबताना टक् असा आवाज आला. तो आवाज आधीच्या एकाही खिट्टीने केला नव्हता.

पहिला गणपती या सगळ्यात हुकला. गाडी पुढच्या जुलैत गेली. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जुलैत. वर्कशॉपबाहेर नैऋत्येकडे तोंड करून ती एक रात्र उभी ठेवली. पाइपने मारलेलं पाणी आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस यांत फरक असतो. सकाळी दोन्ही दरवाज्यांच्या आत हात घातला. कोरडं.

नाना आले तेव्हा त्यांनी गाडीभोवती फेरी वगैरे मारली नाही. सरळ आत बसले, किल्ली न लावता अंगठ्याने खिट्टी फिरवली, काच ढकलली, परत घेतली, बंद केली. टक्. दोनतीनदा केलं तसंच. "बाबा सिगरेट झटकायला एवढीच उघडायचे," म्हणाले, आणि बोटांनी दोन इंच दाखवले.

या नव्या खिट्ट्यांच्या पाठीवर, चौकटीला टेकते त्या बाजूला, मी 'र' अक्षर आणि साल कोरलंय. पुढे ५० वर्षांनी कुणी ही गाडी खोलली तर त्याने माझ्या खिट्टीला कंपनीची समजून तिचा साचा घेऊ नये. खिट्टीच्या आराखड्याची प्रत गाडीच्या कागदांत ठेवली आहे, त्यावर जिभेच्या आकड्यापुढे तो कुठल्या तीन खिट्ट्यांवरून काढला ते लिहिलंय. फुटलेली काच मात्र लिहायला जड गेलं. तीही लिहिली.

गेल्या महिन्यात मालवणहून एकाचा फोन आला, १९७१ ची डिलाईट आहे, उजवी खिट्टी पाहिजे, पैसे लगेच पाठवतो. माझ्याकडे दोन शिल्लक आहेत. मी त्याला म्हटलं, पैसे राहू द्या. आधी रबराचा एक तुकडा आडवा कापून त्याचा फोटो पाठवा, मग ओठावर कुंकू लावून काच बंद करा आणि चौकटीचा दुसरा.